यंदाच्या तेलाचा वास

८ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची तेलाची कुपी पोचली. कापूस, फडकं, पुठ्ठा आणि वर सुतळी! सोडवता सोडवता माझी जेवणाची सुट्टी संपली. बूच काढलं आणि अख्ख्या प्रयोगशाळेनं माना वर केल्या. मी मात्र उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. दोन वर्षं झाली मला आपल्या भट्टीपाशी येऊन. इथे रोज कुठकुठली तेलं नाकाखालून जातात, पण एकही मला हाक मारत नाही.

आता कामाचं. तेल यंत्रातून काढलं. मागे सांगितलं होतं ना, यंत्र तेलातला एकेक घटक वेगळा करतं आणि कागदावर त्याचा डोंगर काढतं. घटक जितका जास्त, तितका डोंगर मोठा. आपल्या लॅव्हेंडरचा सगळ्यात उंच डोंगर लिनॅलिल अ‍ॅसिटेटचा. तो गोड, फळासारखा मऊपणा त्याचाच. यंदा तो पार बसलाय आणि शेजारचं लिनॅलूल वर चढलंय. फुलं वाफेत फार वेळ राहिली की अ‍ॅसिटेट फुटतं, त्यातलं हे. बाबा, वर्तमानपत्र वाचत बसला होतात की काय? नुसत्या वासावर भट्टीची तोटी बंद करणारे तुम्ही! आणि यंदा पत्रात वासाबद्दल अवाक्षर नाही. एरवी पानभर असतं.

कागद सोबत जोडलाय. रागावू नका, रागावलात तरी लिहा.

तुमची,
बिट्टी


१५ जुलै

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

तुझे डोंगर पाहिले. यंत्रालाही कधी डुलकी लागत असेल. फुलं ओली होती, सरपण ओलं होतं आणि भट्टी माझ्याएवढीच म्हातारी झाली आहे. यातलं पटेल ते कारण घे. वासाचं काय लिहायचं? लॅव्हेंडरला लॅव्हेंडरचा वास.

बाकी क्षेम. दुधाचं पातेलं जळालं, नवं आणलं. तुझी आत्या राईचा पर्वत करते. तिचं पत्र आलं तर अर्धं वजा करून वाच. ही कापणी उरकली की भट्टी कुणाला तरी देऊन टाकावी म्हणतो. गुडघे कुरकुरतात.

सुट्टीसाठी वरिष्ठांपुढे तोंड वेंगाडू नकोस. संध्याकाळी फाटक वाजलं की मान वळते, एवढंच. सवय आहे, जाईल.

माया आहेच, ती लिहून वाढत नाही.
बाबा


१८ जुलै

चि. बिट्टी,
अनेक आशीर्वाद.

मी लिहिलंय हे दादाला कळता कामा नये. शपथ घातली होती, ती मोडतेय. थंडीत त्याला ताप आला होता ना, तो गेला तो नाक घेऊनच गेला. त्याला कशाचाच वास येत नाही. फुलांचा नाही, तेलाचा नाही, जळक्या दुधाचाही नाही. स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं आणि हा बाहेरच्या खोलीत डोळे मिटून बसलेला. मी भिंतीपलीकडून धावत आले म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणतात, परत येईल किंवा नाही येणार.

भट्टी तो आता अंदाजानं चालवतो. तोटीखाली बोट धरतो, नाकाशी नेतो, मग मान हलवतो. कामगारांना वाटतं, मालकांना समजलं. मला बघवत नाही गं.

तुला कळवलं तर तू नोकरी सोडून येशील, ही त्याची भीती. आणि तू येणार नाहीस, ही माझी. मधल्या मधे काय करायचं ते तू ठरव.

आत्या


२९ जुलै

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. आत्याला फैलावर घेतलं, तिनं उलट मलाच घेतलं. तेव्हा आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

दर थोड्या वेळानं धारेतलं तेल वेगळ्या कुपीत धरून तुझ्याकडे पाठवायचं, म्हणजे तोटी कधी बंद करायची ते तू यंत्रावरून सांगशील, हे तुझं म्हणणं शहाणपणाचं आहे. पाठवीन. पण पोरी, एक काम तुझ्या यंत्रालाही जमायचं नाही.

तुझ्या आईची निळी शाल मी धुवायला दिली नव्हती. ती गेल्यापासून शाल कपाटात आहे. अधूनमधून काढून तोंडाशी धरायचो, कुणी नसताना. आता धरतो तर नुसती लोकर टोचते. वास शालीतून गेला की माझ्यातून, हे मला कळत नाही. आत्याला विचारायची लाज वाटते. तिला तुझ्या आईचा वास काय माहीत? तुला माहीत आहे.

जमलं तर ये. एवढं सांग आणि जा. असला तर आहे म्हण, नसला तर नाही म्हण. माझी समजूत काढू नकोस.

वाट पाहतो आहे, हे यंदा लिहूनच टाकतो.
बाबा


२० ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न.

सुखरूप पोचले. निघताना तू लेकीकडे गेली होतीस, म्हणून भेट राहिली.

शेवटची भट्टी आम्ही दोघांनी काढली. मी धारेपाशी, बाबा तोटीपाशी. गोडवा सरून उकडलेल्या गवताचा वास यायला लागला तशी मी पुरे म्हणाले. त्यांचं म्हणणं, घाई करतेस. माझं म्हणणं, उशीरच झालाय. कामगार हसू दाबत होते. इथे येऊन तेल तपासलं. डोंगर पुन्हा उभा राहिलाय. ते त्यांना कळवलं आहे. भट्टी देऊन टाकायची नाही, कापणीला दरवर्षी मी यायचं, असं ठरलंय. सुट्टी मिळवायचं माझ्याकडे लागलं.

शाल त्यांनी स्वतः आणून दिली आणि पाठ करून खिडकीशी उभे राहिले. मी तिच्यात तोंड खुपसलं. लोकरीचा वास होता, कपाटातल्या लाकडाचा होता, थोडा धुळीचा. आईचा नव्हता. खूप शोधला, आत्या. घडीघडीत शोधला. खोटं अगदी जिभेवर आलं होतं. पण समजूत काढू नकोस असं त्यांनी बजावलं होतं, म्हणून नाही म्हणाले.

ते न वळताच म्हणाले, “बरं झालं. मला वाटत होतं ती इथे आहे आणि मलाच भेटत नाही.”

नंतर त्यांनी माझ्या हातातून शाल घेतली, खांद्यावर टाकली आणि भाजी चिरायला बसले. उकाडा होता, तरी झोपेपर्यंत ती त्यांच्या अंगावरच होती. तुला दिसली तर काढायला लावू नकोस.

त्यांच्यावर लक्ष असू दे, आणि तुझं गुपित फोडलं म्हणून माझ्यावर रागही.
तुझी,
बिट्टी