फुकटच्या चिंबोऱ्या

रविवार, ६ फेब्रुवारी १९८३. दुपारी ३ वाजून २० मिनिटे.
ट्रंकेला नवे कुलूप लावून लिहायला बसलो आहे. खाडीकाठची खोली छान मिळाली. घरमालकीण यशोदाबाई, त्यांना मी मावशी म्हणतो. त्यांचा मुलगा शिवा माझ्याच वयाचा, ओहोटीला चिखलात उतरून चिंबोऱ्या धरतो. उद्यापासून तळोज्याच्या केमिकल कारखान्यात कामाला. शिवाने आल्याआल्या सहा चिंबोऱ्या दिल्या. मी पैसे काढले तर हसला. म्हणाला, फुकट हाय, खा गप, बाटत नाय. मी सांगितले, आम्ही ख्रिस्ती रोज म्हणतो, आमची ऋणे आम्हांस सोड. म्हणून मी उधारी ठेवत नाही. माझी वही पाहून तो मला मास्तर म्हणू लागला आहे; म्हणाला, मंग तुमच्या देवाला सोडायला उरतं काय, मास्तर? मी दोन रुपये चुलीपाशी ठेवले.

गुरुवार, १७ फेब्रुवारी.
साहेबांनी घाण पाण्याच्या टाकीची चावी उघडायला सांगितली. नाल्यातून खाडीत जाते, भरतीला वाहून जाईल, म्हणाले. तेव्हा ओहोटी होती. शिवा चिखलात असणार हे मला ठाऊक होते. आज आला नसेल, असे मनाशी म्हटले आणि उघडली. तपकिरी साय, सडक्या अंड्यांचा वास.

शनिवार, १९ फेब्रुवारी.
शिवा उतरला होता. पायांची कातडी मोज्यासारखी निघाली. मावशी फडक्याने पुसतात, ते फडके चिकटते. कंपनीने काय सोडलं रे, असे त्यांनी मला विचारले. माहीत नाही, म्हणालो.

बुधवार, २३ फेब्रुवारी.
शिवा काल गेला. माझ्या हातांना वास. साबणाची तिसरी वडी. भातालाही तोच वास.

रविवार, २७ फेब्रुवारी.
पनवेलला चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घेतली नाही. पाळकांना सगळे सांगितले. आधी फेडतो, मग घेतो, म्हणालो. ते म्हणाले, फिटले तर क्षमा कशाला? त्या आईला खरे सांग.
सांगितले. मावशींनी चुलीतले लाकूड मागे ओढले. मग म्हणाल्या, पोटात आग हाय माज्या, तरी सोडला तुला, जेव. ताट वाढले. मी साठवलेले ३१० रुपये त्यांच्या पदरात टाकले. त्यांनी नोटांकडे पाहिले. माज्या पोराचा भाव करतोस, म्हणाल्या, आणि ताटात थुंकून उठल्या.

मंगळवार, १ मार्च.
भर दुपारी उंबऱ्यात ओली पावले. बोटांच्या जागी नुसता लगदा. ताटात सहा चिंबोऱ्या, जिवंत. नांग्यांत मऊ, पांढरे काही — ओकलो.

बुधवार.
तो समोर बसतो. वास — फुकट हाय, म्हणतो. खा. मी दोन रुपये ठेवले. त्याने उचलले नाहीत. नोटेवर साय धरली.

गुरुवार.
पुन्हा. हसतो. ओठ नाहीत —

शुक्रवार.
खर्च : साबण ९ रु. चिंबोऱ्या २ रु.
देणे : शिवा, ३१० रु. कमी वाटते. ९०० — त्याने वहीवर हात ठेवला. शाई फाकली. रुन नाय, म्हणतो. ऋण म्हणायचे त्याला. मी नीट लिहितो.
देणे : शिवा, १,२०० — त्याने पुसले —
देणे : शिवा, ५,००० — पुसतो आहे, मी पुन्हा —
देणे : शि