एकोणीसचा ॲव्हरेज

दिंद्रुड
(कॅलेंडरच्या खिळ्याला आप्पांनी पिशवी अडकवली आहे, तेव्हा तारीख तुमच्या मनाने धरून चाला.)

तीर्थरूप मोहनदादा यांच्या चरणी धाकटा भाऊ परमेश्वर याचा दंडवत. इकडे आप्पा, उज्ज्वला, दोन्ही म्हशी आणि गाडी (हा क्रम वयाचा नाही आणि मायेचाही नाही, जसं सुचलं तसं लिहिलं) खुशाल आहेत. तुमची पाठ कशी आहे? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? संभाजीनगरला नळाला पाणी येतं का अजून टँकरच? बरं, तब्येतीचं झालं. आता दादा, कुठे उभे असाल तर आधी खाली बसा. गाडीने एकोणीस दिला! लिटरला एकोणीस किलोमीटर! मी आकडा दोनदा लिहिला आहे, हात घसरलेला नाही. हे मी फोनवरच ओरडून सांगणार होतो, पण गाडीचा विषय काढला की तुमच्याकडची रेंज जाते असा अनुभव आहे, म्हणून पत्र.

दसऱ्याला तुम्ही आलात तेव्हा सगळ्यांदेखत म्हणालात की ही जीप डिझेल पीत नाही, डिझेलने आंघोळ करते. संक्रांतीला येतो, स्वतः टाकी भरतो, स्वतः चालवतो. बाराचा ॲव्हरेज दिला तर राहील, नाहीतर आष्टीच्या त्या जुन्या गाड्या घेणाऱ्याला निरोप. गाडी तुमच्या नावावर, शब्द तुमचा, मी मान डोलावली. पण दादा, त्या दिवशी माझ्या घशाखाली पुरणपोळी उतरली नाही (पाच खाल्ल्या, पण चव लागली नाही). ती गाडी अंगणातून गेली तर मला घर खायला उठेल, हे तुमच्यापासून लपवत नाही. आप्पा अजून सकाळचा पेपर पुढच्या सीटवर बसूनच वाचतात. हेडलाइन आवडली नाही तर हॉर्न वाजवतात. त्यांना ओट्यावर बसवून पाहिलं, दोन पानांत झोपले.

म्हणून मी कंबर कसली. शहादेव मिस्त्रीला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, आत पाहिलं, टोपी काढली आणि हात जोडले. मला वाटलं देव दिसला. तो म्हणाला, "मालक, हे एअर फिल्टर हाय का घोंगडं?" आपटलं तर तेलगावच्या रस्त्याची दोन वर्षांची धूळ निघाली, शेजारच्या अंगणातल्या वाळवणावर गेली, आणि तिथून जे शब्द परत आले ते पत्रात लिहिण्यासारखे नाहीत. मग चाकांत हवा. शहादेवचं मत असं की टायर जितकं कडक तितकं डिझेल कमी. त्याने ती इतकी कडक केली की पहिल्याच खड्ड्यात आप्पांची कवळी वरच्या खिशात गेली. (ती तिथे कशी गेली यावर घरात दोन मतं आहेत. आप्पा म्हणतात, खिशातच होती.) मग वजन. टपावरचं कॅरिअर काढलं, पुढचा लोखंडी गार्ड काढला, मागच्या निवडणुकीपासून वर बांधलेले दोन भोंगे काढले. मागच्या सीटखाली हात घातला तर एक नांगराचा फाळ, सरकीचं अर्धं पोतं, कुणाची तरी एक चप्पल आणि सहा दगड. दगड हँडब्रेकऐवजी आहेत हे तुम्हाला आठवत असेल. पाच काढले. एक ठेवला, कारण जिवाची काळजी मलाही आहे.

एवढं करूनही आठ! फक्त आठ! मी डोक्याला हात लावून बसलो. तेव्हा शहादेवने सुपारी कातरत कातरत खरं दुखणं सांगितलं. तो म्हणाला, "लोखंड लई काढलं मालक, मान्सं कवा काढताव?" दादा, माझ्या डोळ्यांपुढे लख्ख उजेड पडला. तुम्हाला आपल्या गावची रीत माहीतच आहे. गाडी माजलगावला निघाली असा नुसता वास आला तरी फाट्यापर्यंत चौदा जण होतात. पुढे चार, मधे पाच, मागे पाच, आणि एखादी कोंबडी कुणाच्या तरी पिशवीत. जागा आहे का असं कुणी विचारत नाही. दार उघडून "सरका" म्हणतात. ही चौदा माणसं म्हणजे सगळी मिळून उसाची ट्रॉलीच की! मी ठरवलं, संक्रांतीपर्यंत कुणालाही घ्यायचं नाही. घोड्यासारखा मोकळा जाणार.

आता हे बोलायला सोपं होतं. पहिल्या दिवशी वेशीत साखराबाई उभी. हात केला. मी काच वर करून पुढे बघत निघालो (काच अर्ध्यातच अडकते, त्यामुळे तिचं सगळं ऐकू आलं). "लई मोटा झालास रं परमेश्वरा! रिकामं शीट फिरवायलास, अन् मी चालत जाऊ व्हय?" दुसऱ्या दिवशी तात्याबांनी पारावरून विचारलं, "कावून रं, गाडीला माणसाचा इटाळ होतो का?" मी हसून दाखवलं. तिसऱ्या दिवसापासून कुणी हातच केला नाही. वाईट वाटलं दादा, खोटं कशाला बोलू, पण मनात म्हटलं, एकदा गाडी वाचू दे, मग साऱ्या गावाला जेजुरी दाखवतो.

आणि मग आला तो सुवर्णदिन! धारूरला पाव्हण्यांकडे काम होतं. एकटाच गेलो. पाय ॲक्सिलेटरवर असा ठेवला जसा झोपलेल्या बाळाच्या अंगावर हात. परत येताना घाटाच्या तोंडावर आलो, खाली रस्ता पाहिला आणि अंगात वारं शिरलं. इंजिनच बंद केलं! दादा, काय ती शांतता! गाडी आपली सरसर निघाली. एकेक वळण मागे पडतंय, मीटर फिरतोय आणि डिझेल थेंबभर नाही! इंजिन बंद असल्यावर ब्रेक दगड होतो आणि स्टिअरिंगला दोन्ही हातांनी लोंबकळावं लागतं, हे मला पहिल्याच वळणावर कळलं. तिथे मी आपल्या कुलदैवताला नारळ बोलून टाकला, दुसऱ्या वळणावर त्याचे पाच केले. समोरून येणारी एसटी माझा चेहरा पाहूनच बाजूला थांबली. (तुम्ही हे करू नका. मीही पुन्हा करणार नाही, उज्ज्वलाने शपथ घातली आहे.) पण संध्याकाळी तेलगावात पंपावर टाकी भरली, भागाकार केला, आणि एकोणीस! पंपावरच्या पोरांना मी पेढे वाटले. आता तुमच्या बाराचं काय घेऊन बसलात? आष्टीवाल्याला सांगा, दुसरी गाडी बघ म्हणावं. संक्रांतीला या, तीळगूळ घ्या, आणि गाडीबद्दल गोडच बोला. वहिनींना नमस्कार, आणि आप्पा तुम्हाला आशीर्वाद देत हॉर्न वाजवत आहेत.

तुमचा
परमेश्वर

ता. क. मोठ्या भावापासून काही लपवू नये, म्हणून एक बारीक गोष्ट. घाट उतरल्यावर सपाटीला गाडी वेगात होती तोवरच गिअरमध्ये टाकून सुरू करायला हवी होती. पण मला लोभ सुटला. म्हटलं अजून त्या बाभळीपर्यंत फुकट जाऊ, अजून त्या पुलापर्यंत. पुलावर ती थांबली. चावी फिरवली तर नुसतं कट्. उन्हाळ्यापासून बॅटरी मेलेली आहे हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तशी कधी अडचण आली नव्हती, कारण आपल्या गाडीचं भाडं म्हणजे धक्का! जो बसेल तो आधी ढकलेल, म्हाताऱ्या सोडून. साखराबाई तर ढकलत नसली तरी असं ओरडायची की बाकीचे दुप्पट जोर लावायचे. एकटा निघालो तेव्हा सकाळी शहादेवने ढकललं, धारूरला पाव्हण्यांनी. आता पुलावर मी एकटा, आणि मागे जोर लावणारं कुणी नाही. शेवटी शिवशंकरचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन आला. त्याने मागे दोरखंडाने बांधली. दहा पावलांवरच तो ओरडला, "गिअर टाक की, सुरू हुईल!" पण माझं लक्ष मीटरकडे गेलं. तो फिरत होता. मी म्हणालो, राहू दे, चालू दे असंच. तेलगावपर्यंत मी स्टिअरिंग धरून, ट्रॉलीतून ओढलेला ऊस खात आलो (तिथे पंपावरच्या पोरांनी ढकलली, पेढे त्याचेच). ते किलोमीटर एकोणीसमध्ये धरले आहेत. धरायला नको होते का?

ता. क. २ तेव्हापासून धास्तीने मी इंजिन बंदच करत नाही. बाजारात गेलो तर चालू, दाढीला बसलो तर चालू. एका लग्नात जेवण होईपर्यंत मांडवाबाहेर चालूच होती, नवरदेवाच्या फोटोत धूर आला आहे. खरा ॲव्हरेज सध्या पाच आहे. तरी विनंती ही की संक्रांतीला येताना तुमच्या ऑफिसातली तीन-चार धडधाकट माणसं हुरडा खायला म्हणून आणा. ढकलायचं आहे हे त्यांना आधी सांगू नका. गाववाल्यांना कुठल्या तोंडाने हाक मारू?

ता. क. ३ भावजींना उज्ज्वलाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. नवी बॅटरी माझा भाऊ सत्यम पोळ्यालाच देऊन गेला. ती मी कणगीमागे पोत्याखाली ठेवली आहे. गाडीला धक्का लागत होता म्हणून ह्यांना माणसं लागत होती, नाहीतर तुमचे बंधू कसे आहेत ते तुम्ही जाणताच. परवा छबुबाई डोळ्यांच्या दवाखान्याला निघाली. आपल्या दारावरून, सुनेचा हात धरून, फाट्यापर्यंत चालत. गाडी अंगणात नुसती फुरफुरत उभी होती. तिने हाक मारली नाही, मलाही तिच्याकडे बघवलं नाही. गाडी विकू नका भावजी. आणि मोजायचीच असेल तर भरून मोजा. एका लिटरात चौदा माणसं आठ किलोमीटर जातात, त्यात एकीला दिसत नाही आणि एक नुसती ओरडते. ह्याहून जास्त कुठली गाडी देते? तुमच्या ऑफिसची माणसं आणू नका. मी उद्या सकाळी साखराबाईकडे जाते, ती तोंडभर शिव्या देईल आणि गाव घेऊन येईल. बॅटरीचं मात्र ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका.