ओमेरचा दहावा दिवस

दहावा दिवस, दुपार

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र उघडताच घाबरू नकोस, बाबा ठणठणीत आहेत. हे आधी लिहायचं कारण असं, की ते गेल्याची बातमी आज सकाळी आख्ख्या जिन्याला कळली होती. चूक माझीच. बाबांना आताशा तारीख-वार काही उमगत नाही, म्हणून यंदा मी मोजणीचं कॅलेंडर केलं. दुकानातला जाड कागद आणला, त्यावर एकोणपन्नास चौकोन आखले. रोज एका चौकोनात बाबांचं त्या दिवसाचं चित्र काढायचं आणि वर त्या दिवसाची पाटी लावायची. पहिल्या दिवशी बाबा चष्मा शोधताहेत, दुसऱ्या दिवशी तो त्यांच्याच कपाळावर सापडलाय. घरात भिंत मोकळी नाही, तेव्हा कागद दाराच्या बाहेर टाचला.

आजची पाटी होती ‘ओमेरचा दहावा दिवस’. खालचे घड्याळजी वर आले, त्यांनी ती वाचली आणि टोपी काढून उभेच राहिले. दहा दिवस झाले आणि मला कळवलंही नाही, असं म्हणून चक्क रडायला लागले. तेवढ्यात पायजम्याची नाडी बांधत बाबा माझ्यामागे आले आणि कोण गेलं म्हणून विचारू लागले.

मग घड्याळजींना चहा पाजून सांगितलं, की आम्हा यहुदी लोकांत वल्हांडण सणाच्या दुसऱ्या संध्याकाळपासून एकोणपन्नास दिवस मोजतात. रोज दिवस मावळला की उभं राहायचं, आशीर्वाद म्हणायचा आणि आज कितवा ते बोलायचं. त्या मोजणीचं नाव ओमेर. आणि आमचे बाबा तिच्या तेहतिसाव्या दिवशी जन्मले, म्हणून आजीने त्यांचंही नाव ओमेरच पाडलं. घड्याळजी डोळे पुसत म्हणाले, की माणसाला आणि मोजणीला एकच नाव ठेवणं धोक्याचं आहे.

आता मुद्द्याचं. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मी दोनदा पुढे ढकललं. आता रफू करताना एक धागा दोन दिसतो, आणि त्यातल्या नसलेल्या धाग्यातच सुई जाते. तुझ्या गावच्या इस्पितळाने मोजणी संपल्यानंतरचा तिसरा दिवस दिलाय. आणखी लांबवलं तर डोळ्याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशननंतर तीन आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही. बाबांना नवीन घरी नेलं तर ते दरवाजाच शोधत बसतील, म्हणून तूच इकडे ये. सहा वर्षांत मी काही मागितलं नाही रे. आता दमले.

लोभ आहेच, या वेळी तो रजेच्या अर्जासकट असावा.

तुझी ताई

—

चौदावा दिवस

ती. ताईस,
स. न. वि. वि.

घड्याळजींचं वाचून इतका हसलो, की लिफ्टच्या खड्ड्यात पाना पडला. बाबा कसे आहेत? चालणं आहे ना?

रजेचं अवघड आहे गं. आमच्यातले दोन मेकॅनिक सोडून गेले, आणि तीन उंच इमारतींच्या लिफ्ट माझ्या एकट्याच्या गळ्यात. साहेबांपाशी विषय काढला तर त्यांनी कानावर हात ठेवले. ऑपरेशन महिनाभर पुढे ढकलता आलं तर बघ. नाहीतर घड्याळजी रात्रीपुरते बसतील का? विचारून पाहा.

कॅलेंडरची एक नक्कल पाठव, छोकरीला दाखवीन. मी कुठला मोजतोय आता! मजले मोजण्यातच दिवस जातो.

राग नसावा, असला तर अर्धाच असावा.

तुझा
धाकटा

—

सतरावा दिवस

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र एका डोळ्याने वाचलं, त्यामुळे ‘पुढे ढकल’ हे शब्द मला लागलेच नाहीत. तारीख तीच आहे.

जगाच्या लिफ्ट तू चालवतोस, आणि तुझे बाबा तिसऱ्या मजल्यावर बिनलिफ्टच्या घरात अडकलेत. ही थट्टा मी केलेली नाही, ती बाबांनी केलीय. एखादा तास त्यांचं डोकं लख्ख असतं, तेव्हा ते असं बोलतात. मग पुन्हा मला विचारतात, की तुम्ही कोणाकडे आलात.

बाबा कसे आहेत, असं विचारलंस. काल बरे होते. लहानपणी त्यांनीच शिकवलेलं आठवतं ना? दिवस मावळल्यावर, आशीर्वाद म्हणायच्या आधी, कोणी आज कितवा म्हणून विचारलं तर आजचा आकडा सांगायचा नाही. तोच मोजल्यासारखा होतो आणि आशीर्वाद वाया जातो. काल सोळावा होता, असं सांगायचं. मला आता तीच सवय लागलीय. ओमेर कसे आहेत, असं जिन्यात कोणीही विचारलं की मी म्हणते, काल बरे होते. आजचं बोलायची हिंमत होत नाही.

नक्कल सोबत आहे. घड्याळजी सत्तरीचे आहेत, साडेआठलाच त्यांची मान टेबलावर पडते. त्यांना कुठे जुंपतोस?

उत्तर लवकर यावं.

ताई

—

चौतिसावा दिवस

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

दोन आठवडे तुझी ओळ नाही. बरा असशील.

काल तेहतिसावा, बाबांचा वाढदिवस. मोजणीत तेहतिसाव्यापर्यंत केस कापत नाहीत, त्यामुळे डोक्याचं पार जंगल झालं होतं. न्हावी वर आला, तर हा नवा हमाल कोण म्हणून बाबांनी त्याची चौकशी केली. आयुष्यभर गोदामात पोती मोजली, ते काही डोक्यातून जात नाही. रोज संध्याकाळी मी आकडा बोलले की खिडकीपाशी उभे राहून मान डोलावतात आणि बरोबर, टाका आत, असं म्हणतात. मग मला बरं वाटतं आणि रडूही येतं.

इस्पितळाला येते म्हणून कळवलंय. कोणाच्या भरवशावर, ते लिहिलेलं नाही.

ताई

—

एकोणचाळिसावा दिवस

धाकट्या,

वर आशीर्वाद लिहिला नाही, तो विसरून नव्हे. माझा आशीर्वाद गेला. मी एक दिवस चुकवला.

परवा एका लग्नाच्या कोटाला कसर लागलेली होती, ती भरता भरता दिवस मावळला. बाबांना जेवू घातलं आणि दोन मिनिटं टेकू म्हणून स्टुलावर बसले. डोळे उघडले ते सकाळी. मोजलेलं नव्हतं. दिवसा आशीर्वादाशिवाय मोजलं असतं तरी मोजणी तुटली नसती, पण बघते तर दार उघडं आणि बाबा नाहीत.

दिवसभर शोधलं. घड्याळजी दुकान बंद करून एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. दोन्ही डोळ्यांना पाणी, त्यातला एक कामाचाच नाही. दिवस मावळून गेल्यावर ते सापडले त्यांच्या जुन्या गोदामात. तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. खुर्चीवाला भला माणूस. म्हणाला, आजोबा सकाळीच आले, रात्री कोणी आकडा सांगितला नाही म्हणून स्वतः मोजायला आलोय म्हणाले, आणि एकेका पाठीवर हात ठेवत अडतीस खुर्च्या मोजून एकोणचाळिसावीवर जाऊन बसले. घर कुठे, ते मात्र त्यांना सांगता येईना. खुर्चीवाल्याने त्यांना दोनदा जेवायला घातलं.

अडतिसावाच दिवस होता रे तो. त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही.

मी मात्र चुकले. एक पूर्ण दिवस गेला की पुढे नुसते आकडे बोलायचे, आशीर्वाद म्हणता येत नाही. काल संध्याकाळी नुसता आकडा बोलले, तर बाबांनी मान डोलावली नाही. पुढचं-मागचं काही राहिलं, असं म्हणाले. तुला सांगते, सहा वर्षांत बाबांसमोर मी पहिल्यांदा रडले. डोळ्याचं राहू दे आता. मला फक्त झोपायचंय.

ताई

—

बेचाळिसावा दिवस

ती. ताईस,
स. न. वि. वि.

मोजत नाही असं तुला लिहिलं, ते खोटं होतं. घर सोडून वीस वर्षं झाली, त्यात माझी एकही संध्याकाळ चुकलेली नाही. लिफ्टच्या मशीनच्या खोलीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, हात पुसून उभा राहतो आणि मोजतो. बरोबरच्यांना वाटतं, मी मजले मोजतोय. तुला सांगायची लाज वाटायची. तुझ्याकडे बाबा होते, रोजचं न्हाणं-खाणं होतं, आणि माझ्याकडे नुसतं त्यांचं नाव. ते दिवसातून एकदा घ्यायचं आणि मोठं काम केल्यासारखं झोपायचं. दमले असं तू सरळ लिहिलंस, आणि मी तुला साहेबांची गाऱ्हाणी ऐकवली. माझं चुकलं.

आता नियम तुलाही ठाऊक आहे. ज्याची मोजणी तुटली, त्याने न तुटलेल्या माणसाचा आशीर्वाद ऐकायचा, आमेन म्हणायचं आणि मग आपला आकडा बोलायचा. पण तो ऐकावा लागतो, म्हणजे माणूस त्याच खोलीत हवा. टपालाने पाठवता येत नाही. रजा मिळाली नाही, मी घेतली. पुढे काय व्हायचं ते होवो. हे पत्र आणि मी बहुधा एकाच जिन्यात भेटू.

बाबांच्या अडतीस खुर्च्या तुझ्या मोजणीत धरायच्या की नाही, ते येऊन ठरवू. माझ्या मते धराव्यात.

दार लावून ठेव आणि झोप.

धाकटा

—

मोजणी संपून पाचवा दिवस

ती. ताईस,
स. न. वि. वि.

हे पत्र माझ्या बायकोकडून वाचून घे, पट्टी सरकवून स्वतः वाचायला बसू नकोस. ऑपरेशन चांगलं झाल्याचं तिने कळवलं. घड्याळजींनी खाली उतरून साऱ्या जिन्याला सांगितलं, या वेळी टोपी घालूनच.

बाबांचं कालचं नाही, आजचं लिहितो. आज बरे आहेत. सकाळी मला दोनदा हमाल समजले आणि एकदा मुलगा. तू सहा वर्षं हे एकटीने कसं केलंस, ते मला पाच दिवसांत कळलं नाही, फक्त कंबरेला कळलं.

मोजणी संपली तरी ते रोज दिवस मावळला की खिडकीपाशी उभे राहतात. एकोणपन्नासाव्याला तू आमेन म्हणालीस आणि त्यांनी टाका आत म्हटलं, ते त्यांच्या लक्षात नाही. आजही कितवा म्हणून विचारलं. मी सांगितलं, बाबा, सगळे भरले, आता मोजायचं काही राहिलं नाही. त्यांनी बराच वेळ तुझ्या रिकाम्या पलंगाकडे पाहिलं. तुझी चादर मी चुरगळलेलीच ठेवली होती, तिथे तू आहेस असं त्यांना वाटलं असावं. मग मला गप्प बसायची खूण केली आणि अगदी हळू म्हणाले, की मग पोरीला उठवू नका, झोपू दे तिला.

तेव्हा झोप, ताई. तू कशी आहेस ते मागाहून कळव, आणि आजचं कळव.

तुझा
धाकटा