समुद्रकाकडीच्या पोटातला मासा

प्रिय वहिनी,

तुम्हाला आणि दादाला नमस्कार, चिमणीला पुष्कळ पापे. मी ठणठणीत आहे. कापलेली बोटंही भरत आलीत, काळजी करू नका.

इथे आम्ही समुद्रकाकड्या चिरून उकळतो. नाव काकडीचं, पण असतो तो जिवंत प्राणी. काल एकीच्या पोटातून बोटभर लांब, काचेसारखा मासा निघाला, चांगला वळवळत होता! त्याचं घरच ते, म्हणे. मी त्याला हौदातल्या दुसऱ्या काकडीपाशी सोडलं, तर पठ्ठ्या आधी शेपूट आत सरकवून उलटा तिच्या पोटात शिरला. किती दिवसांनी हसले!

तेवढ्यात मुकादमानं तोच हौद उपसून काकड्या न चिरताच उकळायला सांगितलं. मी म्हटलं, "थोडं थांबा ना, त्यात तो मासा आहे."

"का? तुझा कोण लागतो?"

मग मीच सगळ्या काकड्या उकळत्या पाण्यात टाकल्या.

सुट्टीचंही विचारलं. पासपोर्ट त्याच्याकडेच आहे. आणखी दोन वर्षं, म्हणाला. मी सही केली.

दादाचा खोकला कसा आहे?

चिमणी तुम्हाला आई म्हणायला लागली, हे तुम्ही घाबरत घाबरत लिहिलंत. म्हणू द्या, वहिनी. माझ्या लेकीला टोकू नका.

तुमच्या भरवशावर असलेली,
तुमची नणंद