तेरडा आणि गौर

२४ ऑगस्ट, रवि.
पुण्याचे पाहुणे गेले. आता गणपती होईपर्यंत पर्यटकांना खोल्या बंद. जाता जाता त्यांच्यातल्या बाईंनी मागच्या बांधावरच्या गुलाबी फुलांचं नाव विचारलं. मी म्हटलं, तेरडा. ओट्यावरून सासूबाई, "आज तेरडा. फुडच्या रविवारी गौर." बाई हसून फोटो काढून गेल्या. माझ्या माहेरी मुखवट्यांच्या गौरी, त्यामुळे इथे तेरड्याचीच गौर करतात हे लग्नानंतर मलाही कळायला वेळ लागला होता.

२६, मंगळ.
सुमनताईंचा उरणहून फोन. दरवर्षी या नणंदबाई येतात, तेरडा उपटतात, घरात आणतात. आज म्हणाल्या, "यंदा न्हाय येत. वहिनी, तूच आन गौर." ताईंचे यजमान पौषात वारले. कारण विचारायचं काही राहिलंच नव्हतं.
सा.बाईंना सांगितलं. पातेलं आदळलं.
हे म्हणाले, बायकांचं बायका बघा. झालं!

२९, शुक्र.
गणपती बसले परवा. घरात माणसं, पण सा.बाई स्वयंपाकघरातच. शेवटी विचारलंच, मी का नाही आणायची?
"बांधावर हाय तवर तेरडा. घरच्या लेकीन आनला तरच गौर. सुनेन आनला त नुसता पाला."
मग सांगायला लागल्या. गौर माहेराला निघाली. अंगावर धड लुगडं नाही. भावाच्या बांधावर तेरडा फुललेला, तोच नेसली नि दारात उभी राहिली. तेव्हापासून तेरड्यालाच गौर म्हणतात. तेरड्याचा रंग तीन दिवस, म्हणून तिचं माहेरपणही तीन दिवस. तिसऱ्या दिवशी शंकर न्यायला आला.
मी म्हटलं, आणि नसता आला तर?
भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "त ऱ्हायली असती. माहेर हाय तिचा."
हेच ताईंना फोन करून सांगा म्हटलं. नाही केला. मीच केला. ताई ऐकून फक्त हं म्हणाल्या. राग आला मला, दोघींचा.

३१, रवि. गौरी
दुपारी ताई रिक्षातून उतरल्या. "नुसती बघायला आलेय." शेजारच्या काकू गौर आणणारीला लावायला कुंकवाची वाटी घेऊन आधीच हजर. मी बांधावर उतरले, तेरडा ओढला. मुळं चिखलातच, वरचा भाग हातात. दुसराही तसाच.
"अगो मुळासकट पायजे! आधी हलव, मंग ओढ." ताईंनी साडी खोचली, उतरल्या, उपटला. मग हातातल्या तेरड्याकडे बघत उभ्या. काकू दुसरीकडे बघायला लागल्या. मी ताईंना पुढे घातलं.
दारात सा.बाई. "गौर आली, कशाच्या पावलान आली?"
उत्तर ठरलेलं: सोन्याच्या. ताई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. सा.बाईंनी पुन्हा विचारलं.
"माझ्याच पावलान आली, आये."
सा.बाईंनी पायावर दूधपाणी घातलं, हाताला धरून आत घेतलं. मला रडू आलं, लपवलंही नाही.
काकू कुंकवाची वाटी घेऊन तशाच घरी गेल्या. उद्या हळदीकुंकू. आळीतल्या किती येतील, माहीत नाही. हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचं पीठ मात्र सगळ्यांपुरतं काढलंय.