आईची खोली भाड्यानं देणे आहे

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून मी घरमालक. गच्चीवर दोन खोल्या उभ्या झाल्या. कर्ज स्लॅबपर्यंत पुरलं नाई म्हणून पत्रे टाकले, जिन्याचा कठडाही राहिला. पण हप्ता भाड्यातून सुटणार. मोबाइलवरचा तज्ज्ञ सांगते, भाडेकरूच आपलं कर्ज फेडते. धम्मशीला म्हणे, खोली रिकामी राह्यली तर? बायकोले इन्व्हेस्टमेंट समजत नाई.

२ मार्च
चौथं गिऱ्हाईक वापस गेलं. वर पाणी चढत नाई म्हणे. मलकापुरात खाली तरी रोज कुठं येते बे?

९ मार्च
आयडिया! खालची आईची खोली भाड्यानं द्यायची, आईनं वर राहायचं. खालच्या खोलीले हजार रुपये जास्त भेटतात. आईले सांगितलं, वर हवा मस्त येते. गुडघे चोळत हो म्हणाली. म्हणजे राजीखुशीनं.

१६ मार्च
शाकिरभाई अन् त्यांची बायको हीना राहाले आले. गुराढोरांच्या ढेपेच्या दुकानात कामाले आहेत, माणसं साधी. आई चार पायऱ्या चढली अन् पाचवीवर बसली. दुपारपर्यंत तिथंच. मग म्हणे, मी दुसरबीडले बहिणीकडं जातो काही दिवस. मी पाठवली नाई, ती स्वतः गेली, हे इथं लिहून ठेवतो. एसटीचं तिकीट मीच काढलं. तिले अर्धंच लागते, पण काढलं.

२३ मार्च
शाकिरभाई म्हणे, अम्माले बोलवा, आम्ही वर जातो, पाणी मी बादलीनं चढवीन. भला माणूस. पण वरचं भाडं हजारानं कमी! धंद्यात भावना आणली की माणूस बुडते. पाहू म्हटलं. जेवण गेलं नाई. ऊन लागलं असंल.

१४ एप्रिल
जयंतीले आई आली. पांढरं लुगडं, हातात खिरीसाठी आणलेला गूळ. साऱ्या गल्लीनं सिंधूताई आल्या, सिंधूताई आल्या केलं. वंदना झाली, अन् मग तिनं आपल्याच खोलीचं दार वाजवलं. येऊ का म्हणे! हीनानं खुर्ची दिली, चहा दिला. आई दहा मिनिटं पाहुणीसारखी बसली अन् संध्याकाळच्या गाडीनं गेली. लय लाज वाटली. ठराव : पावसाळ्याच्या आत आई खाली. एकदम पक्कं.

११ मे
पत्र्यावर पोळी भाजता येईल. वरच्या खोल्या रिकाम्याच, हप्ता पगारातून. मावशीच्या सुनेचं बाळंतपण आलं, घरात जागा नाई, आईची तिथं अडचण होऊन राह्यली, असं धम्मशीलानं ऐकवलं. सांगतोच शाकिरभाईले. फक्त या महिन्याचं भाडं येऊ दे.

२२ जून
सांगितलं नाई. पोटाले बरं नव्हतं.

६ जुलै, रात्री ८
सांगितलं! शाकिरभाईनं काऊन म्हणूनही विचारलं नाई. संध्याकाळपर्यंत सारं सामान स्वतः वर चढवलं, हीनानं खालची खोली पुसून दिली. छाती हलकी झाली. उद्या आईले फोन. माणसानं मनावर घेतलं की काय होत नाई!

७ जुलै
मी लावायच्या आधीच फोन आला. दुसरबीडचे कोणी कारभारी म्हणून गृहस्थ. त्यांच्याकडं एक खोली आहे, एक म्हातारी बाई भाड्यानं मागून राह्यली, सिंधूताई नावाची. चौकशीसाठी आधीच्या घरमालकाचा नंबर मागितला, तर बाईनं तुमचा दिला म्हणे. बाई कशी आहे?

चांगली आहे म्हटलं.

काही कटकट, भांडण?

काहीच नाई म्हटलं.

मग तुमची खोली सोडली काऊन?

मले जास्त भाडं भेटत होतं, म्हटलं. ते म्हणे, हाव, धंदा आहे. तुम्ही बाईचे कोणी लागता का, असंही विचारलं त्यांनी. मी नाई म्हटलं.