चोंबाताईच्या गाडीचं सुतक

टुंडुमा नाका
२ सप्टेंबर

ती. चोंबाताईस,

कलाबाचा शि. सा. न. नमस्कार लांबून आहे, पण वाकून आहे. वि. वि.

आमचा गाड्यांचा तांडा इथे सरहद्दीच्या नाक्यावर अडकून पडलाय. शिक्का मारणारा साहेब लग्नाला गेलाय, आणि लग्न त्याच्याच घरचं असल्यामुळे कधी संपेल ते कोणी सांगत नाही. फोन का करत नाही म्हणशील, तर तो दार-एस-सलामला बंदराच्या पाण्यात पडला. कसा पडला ते सांगायला बसलो तर त्यात एक बोका येतो आणि एक पोलीस येतो, तेव्हा राहू दे. हे पत्र आमच्यातला म्वांसा आणून देईल. त्याला जेवायला घाल. आणि हो, येताना मिकुमीच्या जंगलात रस्त्याच्या मधोमध एक हत्तीण उभी होती. आम्ही सगळ्यांनी इंजिनं बंद केली. ती आमच्याकडे बघत राहिली आणि आम्ही तिच्याकडे. मला तर आपली मुख्याध्यापिकाच आठवली, आणि खिशात गोट्या आहेत असं उगाच वाटलं.

हां, तर ज्यासाठी कागद घेतला ते राहिलंच. तुझी पांढरी गाडी, मीच बंदरातून चालवत आणलेली. तसल्याच एका गाडीचा चासी नंबर परवा एजंटाने मोबाईलवर टाकला तर लाल अक्षरं आली. जपानातल्या कंपनीने त्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्यात. स्टीअरिंगच्या आत एअरबॅग असते ना, तिच्यात हवा भरायला फटाक्यासारख्या दारूची एक लोखंडी डबी असते. वर्षानुवर्षं ऊन आणि दमट हवा खाऊन ती दारू बिघडते. मग कुठे आदळली गाडी, की पिशवी फुगायच्या ऐवजी डबीच फुटते आणि लोखंडाचे तुकडे पिशवी फाडून गळ्यात. जीव वाचवायला ठेवलेली वस्तू, आणि तीच जीव घेणार! बोलावण्याचं पत्र जातं जपानातल्या पहिल्या मालकाकडे. तो बिचारा चहा पीत पीत ते फेकून देत असेल. त्याला कोण सांगणार, की तुझी गाडी आता एन्डोलात मसाला नावाच्या बाजारातून कोबी आणि बायका वाहतेय म्हणून?

ताई, तू बुटकी आहेस. रागावू नकोस, हे मी आज वेगळ्या कारणाने म्हणतोय. तू सीट पुढे ओढून, पाठीला उशी लावून स्टीअरिंगला छाती टेकवतेस, जशी भांडी घासायला बसलीस. त्या डबीत आणि तुझ्यात वीतभरही जागा नाही. गाडी उभी कर. एन्डोलात कंपनीचं वर्कशॉप आहे, तिथे फुकट बदलतात. फुकट हा शब्द मी दोनदा विचारून घेतलाय.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर ठेवायला इथे जागा नाही. फक्त आटू देऊ नकोस.

तुझा
कलाबा


एन्डोला
१९ सप्टेंबर

चि. कलाबास अ. उ. आ., आणि एक धपाटा उधार.

म्वांसा आला, दोघांचं जेवला, आणि बोक्याची हकिगत सांगून गेला. दोरखंडावर चालणाऱ्या बोक्याचा फोटो काढायला बोटीवरून वाकतं का कोणी? असो. तू धड आहेस हे ऐकून बरं वाटलं. खोकला गेला का ते मात्र तू लिहिलं नाहीस.

तुझं पत्र वाचून दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपला गेले. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला आणि म्हणाली की ही गाडी आमचा कॉम्प्युटर ओळखत नाही, आम्ही विकलेल्या गाड्याच आम्ही बघतो. डबी फुटण्याआधी विचारणार आहे का, बाई तू गाडी कुठून घेतलीस म्हणून? हे उत्तर मला घरी आल्यावर सुचलं. पुन्हा गेले तेव्हा त्यांनी नंबर यादीत असल्याचं कबूल केलं, पण भाग शिल्लक नाही, आल्यावर फोन करू म्हणाले. फोन आला नाही. पुन्हा गेले, तर माझ्या डोळ्यांदेखत एका सरकारी खात्याच्या गाडीला नवी डबी बसवत होते. मी बोट दाखवलं. ती आमची गाडी आहे, असं उत्तर मिळालं.

मग मॅनेजरला भेटले. जेरेसाहेब. चष्मा, टाय, लोण्यासारखा आवाज. मी चर्चचे कपडे घालून गेले होते. मी साहेब साहेब म्हणत होते, ते मॅडम मॅडम म्हणत होते, मध्ये चहा आला. दोघंही इतकी सभ्य, की काही घडायला वावच राहिला नाही. निघताना म्हणाले, सांभाळून चालवा. जशी मी आदळायला जागाच शोधत फिरतेय!

कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो की डबी काढून टाकतो आणि एअरबॅगच्या दिव्याची वायर जोडून देतो, कोणाला कळणार नाही. त्याने मागे एकाचा ब्रेकचा दिवा दुरुस्त केला तर रेडिओ बंद पडला. त्याच्या हाती मी माझा गळा देत नाही.

गाडी उभी कर म्हणतोस. केली होती, पण गाडी उभी राहिली की घर बसतं रे. त्यातच शेजारच्या बानामुसोंडाला कळा सुरू झाल्या. तिला काय सांगू, डबीची दुरुस्ती होईपर्यंत थांब? काढली गाडी. मुलगी झाली, छान आहे. त्या दिवसापासून रोज काढतेय. सीट मागे सरकवून पाहिली, तर पाय ब्रेकला पोचत नाही. म्हणजे डबीने मरायचं की ब्रेकवाचून, एवढंच ठरवायचं. मान मागे ताणून चालवते. संध्याकाळी पाठ नुसती ठणकते.

तू काळजी करू नकोस. सावकाश ये, पण ये. आठवण ठेवशील, याची आठवण मीच करून द्यायची का?

तुझी
चोंबाताई


दार-एस-सलाम
३० सप्टेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. आज नमस्कार घाईचा आहे, कारण तुझं पत्र वाचून मी आमच्या चटईवरून उडालोच.

खोकला गेला. इथे एक बाई आलं घालून कॉफी देते, ती मला जावई करायला बघतेय, पण तिची मुलगी माझ्याकडे ढुंकून बघत नाही. तेही असो.

ताई, तू शाळेत माझ्यापेक्षा कितीतरी पुढे गेलीस हे मी कुठेही उभा राहून कबूल करीन. पण जेरे! अगं, जेरे! हे नाव ऐकून तुझ्या डोक्यात घंटा वाजली नाही? न्गोनी जमातीचा आहे तो. आणि तू बेंबांची पोर त्याला साहेब म्हणतेस? चर्चचे कपडे घालून? पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली आणि मग उरलेलं भांडण हसून संपवायचं ठरवलं, ते काय तू चहा पिण्यासाठी? ते आपले चेष्टेचे भाऊबंद. त्यांच्या दाराशी जाऊन आपण वाट्टेल ते बोलायचं, त्यांनी रागवायचं नाही. आपल्याकडे कोणी गेलं तर खड्डा त्यांनी खणायचा, आणि खणताना मेलेल्याची टिंगलही त्यांनीच करायची. मॅडमला तो नाही म्हणू शकतो. बेंबा बहिणीला नाही म्हणून दाखव म्हणावं!

तुझ्याच्याने हे होणार नाही, तू शिकलीस. लुआंशाहून काबुस्वे आत्याला बोलावून घे. दादांच्या मयताला आलेल्या न्गोन्यांना तिने कसं पळवलं होतं ते आठव. आणि तोवर, हात जोडतो, गाडी काढू नकोस. काढलीस तर निदान मान आणखी ताण.

इथल्यापेक्षा तिथला लोभ जास्त खरा असतो, तेव्हा तो तसाच राहो.

तुझा
कलाबा


एन्डोला
१४ ऑक्टोबर

चि. कलाबास अ. उ. आ.

धपाटा माफ. आता नीट बस आणि मध्ये कॉफी प्यायला उठू नकोस.

आत्या आली ती बसमधून उतरली खांद्यावर कुदळ घेऊन. आम्ही वर्कशॉपच्या फाटकाशी पोचलो तशी तिने डोक्याला काळं फडकं बांधलं, कमरेला गुंडाळलेलं चितेंग्याचं कापड घट्ट आवळलं आणि चपला काढून माझ्या हातात दिल्या. मी लाजेने अर्धी झाले. निदान कुदळ तरी गाडीत ठेव म्हटलं, तर म्हणाली की भावाच्या घरी रिकाम्या हाताने जायची आपल्यात पद्धत नाही.

आतला काचेचा हॉल तुला माहीत नाही. गार हवा, खुर्च्या, पाण्याचं मशीन. आत्याने काउंटरसमोर बसकण मारली आणि असा गळा काढला की एका गृहस्थाचा चहा मांडीवर सांडला. अगं माझ्या जेरे, माझ्या उंदीरखाऊ भावा, तुला कोणी गिळलं रे, तुझ्या बिळाच्या तोंडाशी आम्ही किती दिवस बसावं रे! पहारेकरी धावला, दोन शब्द ऐकले, आणि टोपी काढून हसत भिंतीला टेकला.

जेरे बाहेर आला. चष्मा सारखा केला. उंदीर हा शब्द त्याच्या कानात शिरला आणि कलाबा, तू तिथे हवा होतास! लोणी वितळलं आणि आतून माणूस निघाला. कमरेवर हात ठेवून म्हणाला की या माकडखाऊंना आत कोणी सोडलं, आधी खुर्च्या मोजून घ्या रे. आत्या म्हणाली, तुझ्या गळ्यात लोंबतेय ती दोरी ओळखीची वाटते, आमच्या आजोबांनी तुझ्या आजोबांना तिनेच बांधलं होतं. तो म्हणाला, तुझे आजोबा आम्हाला बघून असे पळाले की पाय वाटेतच झिजले, ही भाची बघ की, अजून भरून आले नाहीत. गिऱ्हाइकं खुर्च्या सोडून भोवती गोळा झाली. मेकॅनिक गाड्यांखालून बाहेर आले. मीही हसले, माझ्याच पायांवर.

मग आत्याने डोळे पुसले आणि आवाज खाली आणला. भावा, म्हणाली, मी कामाने आलेय. आमचा खड्डा खणायचं काम तुझं. तुला ऐन वेळी सबब नको म्हणून कुदळ घेऊन आलेय. ही माझ्या भावाची लेक. हिच्या गाडीतली ती डबी फुटली की निरोप येईल, तेव्हा बायकोला पाठवू नकोस, तू स्वतः ये. हिला नीट बघून ठेव. बुटकी आहे, तुला फार खणावं लागणार नाही.

पहिल्यांदा सगळे हसले. मग एकेक करून थांबले. जेरेच्या तोंडावर हसू होतं, पण त्याला उभं राहायला जागा उरली नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं. इतक्या खेपा घातल्या, पण मला त्याने पाहिलं ते त्या दिवशीच. आत्याने कुदळ पुढे केली. रीत म्हणून नाही म्हणता येईना. त्याने ती घेतली, आणि टाय लावलेला तो माणूस कुदळ धरून आपल्याच हॉलमध्ये उभा राहिला.

तसाच उभ्या उभ्या त्याने भांडारातल्या माणसाला विचारलं की शिल्लक काय आहे. त्या माणसाने चाचरत सांगितलं की एक डबी आहे, पण ती मोठ्या खात्याच्या गाडीसाठी राखून ठेवलीय, ती गाडी पुढच्या आठवड्यात येईल. जेरे म्हणाला की ती येईल तेव्हा येईल, ही बाई आज गाडी चालवणार आहे. आणि बाहेरून आलेल्या जितक्या गाड्या यादीत आहेत, तेवढ्यांचे भाग माझ्या सहीने मागवा, लुसाकाच्या मुख्य कचेरीला काय उत्तर द्यायचं ते मी बघतो. लुसाकावाले न्गोनी नाहीत, तेव्हा त्याला ते हसण्यावारी सोडणार नाहीत. हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही. आत्याने त्याच्यासाठी उठून जागा केली, आणि तेवढं तिने आजवर कोणा न्गोन्यासाठी केलेलं मी पाहिलं नाही.

दुपारपर्यंत काम झालं. मी किल्ली घेतली, पण आत्या हलेना. म्हणाली, जिवंत पोरीवर एवढं रडून झालंय, ते रडणं असंच सोडलं तर परतीच्या वाटेवर कोणाला तरी शोधील. काहीतरी पुरायलाच हवं. जेरे म्हणाला की जुनी डबी कारखान्याला परत पाठवावी लागते. मग स्टीअरिंगवरचं जुनं झाकण दे, असं आत्या म्हणाली. ते कोणी मागत नाही.

वर्कशॉपमागे पेरूचं झाड आहे. जेरेने बूट काढले, टाय खांद्यावर टाकला आणि खणायला लागला. आत्या शेजारी उभी राहून हुकूम सोडत होती की आणखी खोल, तुम्ही न्गोनी वरवर पुरता आणि मग उंदरांना आयतं सापडतं. तो घाम पुसत म्हणत होता की एवढीशी वस्तू आणि एवढा थोरला खड्डा, बेंबांना मेल्यावरही ऐसपैस लागतं. मेकॅनिकांनी हात पुसून एकेक मूठ माती टाकली. मीही टाकली. हसतच होते रे मी. आणि मग काय झालं कळलं नाही, आत्याच्या खांद्यावर तोंड दाबून जी रडले ती थांबेचना. इतके दिवस प्रत्येक चौकात श्वास धरून गाडी पुढे काढत होते, हे मी तुलाही लिहिलं नव्हतं.

हॉर्न वाजत नाही. नवी डबी बसवताना कुठेतरी वायर सुटली. सोमवारी परत जायचंय. पण आता मी त्याला साहेब म्हणत नाही.

इकडचं सगळं तुझ्यावर जीव टाकून आहे, तू तो जपून वापर.

तुझी
चोंबाताई


दार-एस-सलाम
२ नोव्हेंबर

ती. ताईस आणि ती. काबुस्वे आत्याला,

दोघींना मिळून शि. सा. न. आत्यासाठी आणखी एक, पूर्ण आडवं पडून.

तुझं पत्र मी बंदराच्या भिंतीवर बसून सगळ्या ड्रायव्हरांना वाचून दाखवलं. खड्ड्यापाशी आलो तेव्हा कॉफीवाली बाईसुद्धा किटली खाली ठेवून ऐकत होती. तिच्या मुलीने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की ही आत्या खरंच तुझी का. मी हो म्हटलं. माझी किंमत एकदम वर गेली. आत्या, तू इथे असतीस तर आम्ही तुला खांद्यावर घेऊन बंदर फिरवलं असतं, आणि जेरेला तुझ्यामागून चालवलं असतं. माणूस मोठा निघाला. मी असतो तर कुदळ टाकून पळालो असतो.

आता माझं. मालकाने मला या खेपेला जी गाडी दिलीय तीही तसलीच. नंबर टाकला, लाल आला. कापिरीच्या एका शिक्षिकेने मागवलीय. मी म्हटलं, ही ट्रकवर चढवून पाठव, मी चालवत नेणार नाही, आणि तिला कळवल्याशिवाय कोणीच नेऊ नये. मालक म्हणाला, एका खेपेत काय होतं, नसेल जमत तर दुसरं काम बघ. दुसरं काम बघायला मला आवडतं हे तुला माहीत आहे. पण मी सोडली तर तो ती दुसऱ्या कोणाच्या हातात देईल, आणि ती त्या बाईला काही न सांगता तिच्या दारात उभी राहील.

मालकाचं नाव गामा. मूळचा सोंगेआचा. सोंगेआचे गामा म्हणजे आपल्याच न्गोन्यांचे वाट चुकून उत्तरेला गेलेले भाऊ, असं इथले म्हातारे सांगतात. तेव्हा आत्या, म्वांसा तुमच्या दारात जेवत असेल तोवर एवढं सांगून पाठव: गळा आधी काढायचा की उंदीर आधी? आणि कुदळ नसेल तर जॅक चालतो का?

लोभ मागत नाही, तो मिळतोच आहे. या वेळी आशीर्वाद मागतो, आवाजासाठी.

तुमचा
कलाबा

ता. क. मी त्या गाडीपाशीच बसलोय, किल्ली माझ्या खिशात आहे. सावलीत बसून रडायचा सराव करतोय. आत्ताच दोन माणसं थांबली आणि हळूच विचारून गेली की कोण गेलं. मी सांगितलं, अजून कोणी नाही.